चालू राहिलेला माइक

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निवेदक कॉलरचा माइक चालूच ठेवून आयोजकांशी बोलायला पडद्यामागे गेला. साउंड सांभाळणाऱ्या त्याच्या दाजींनी सभागृहातला त्याचा आवाज लगेच बंद केला, पण हेडफोनमध्ये तो येत राहिला. दोघांनी नोकऱ्या सोडून सुरू केलेल्या व्यवसायाचा हा पहिलाच कार्यक्रम होता.

“पुढच्या वेळी थेट मलाच फोन करा. साउंडवाला चांगला आणतो. हा ताईचा नवरा, म्हणून गळ्यात पडलाय.”

दोन मिनिटांनी निवेदक मेहुणा मंचावर आला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तो हसत ओरडला, “दाजी, आवाज सोडा की! तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.


दाजींचं बोट बटणावर आहे. त्यांनी ते अजून दाबलेलं नाही.