चार बोटं पाणी

सरपंच केराबाई ग्रामपंचायतीत आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला कोळसा लागला होता. डाव्या हातानं पदर धरून त्यांनी तोंडावरचा घाम पुसला आणि संगणकापुढे बसलेल्या ऋतुजाला म्हणाल्या, “शिवूचं बिल थांबीव. त्येनं बांधलेला हौद गळतोय.”

ऋतुजाचा हात माउसवर तसाच राहिला.

“बसा की मावशी. पाणी देऊ?”

“पाणी नगं. आदी ऐक. सकाळी नऊला टँकरनं हौद भरून घेतला. पाण्याच्या कडंला भिताडावर कोळशानं रेघ वढली. एक मेंढरू जवळ येऊ दिलं न्हाय, हे काठी घेऊन हुबेच हायती. मदनं मदनं वाकून बघत हुते, साडेबाराला पाणी रेघंच्या चार बोटं खाली.”

“उन्हानं…”

“ऊन न्हवं. म्या शेजारी बादली भरून ठेवलीती. तिला बी आतनं रेघ मारलीती. बादलीतलं पाणी हाय तितंच हाय.”

शिवू ठेकेदाराच्या बिलाला काम पूर्ण झाल्याचा जो दाखला जोडला होता, त्यात एकच ओळ होती: काम समाधानकारक आहे. हौद कुणी भरून बघितला होता की नाही, ते त्यात नव्हतं.

“आज त्याचं पैसं आडवलं तर उद्या गवंडी घिऊन हजर हुतोय बघ,” केराबाई म्हणाल्या. “पैसं गेल्यावर त्यो काय परत थोबाड दावायचा न्हाय. सातशे मेंढरं हायती गावात. तवा माजी चावी घालू नगंस.”

चावी म्हणजे डिजिटल सहीची डोंगल. ग्रामसेवक भाऊसाहेबांची एक आणि सरपंचांची एक. दोन्ही लागल्याशिवाय पंचायतीच्या खात्यातून रुपया हलत नसे. दोन्ही डोंगल ऋतुजाच्या ड्रॉवरमध्ये एकाच बिस्किटाच्या डब्यात असत. सरपंचांच्या डोंगलवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर सहा आकडी पिन होता, ऋतुजाच्याच अक्षरात.

आज डबा टेबलावर उघडा होता. पट्टीवाली डोंगल संगणकाला लावलेली होती. तिचा निळा दिवा लुकलुकत होता.

केराबाईंनी डब्याकडे बघितलं, मग दिव्याकडे.

“ही हितं काय करतीया?”

“मावशी, आज एकतीस मार्च. आज खर्ची पडला न्हाई तर निधी परत जातोय. भाऊसाहेबांचा सोलापूरहून फोन आला, समदी बिलं आत्ताच सोड म्हणून. अकरा होती. मी एकदमच टिक केली.”

“शिवूचं त्यात हाय?”

“हाय.”

“मग काड त्येवडं.”

“बँकेत गेलं. आता फिरत न्हाई ते.”

पंखा फिरत होता. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ऋतुजानं त्यांच्यावर स्टेपलर ठेवला, मग उगाचच उचलून पुन्हा ठेवला.

“मला फोन लावलास?”

“न्हाई.” ऋतुजाचा आवाज बारीक झाला. “दर टायमाला तुमीच म्हणता की, मला काय इचारती, तूच दाब.”

“व्हय,” केराबाई म्हणाल्या. “म्हणते की मी.”

त्या खुर्चीत टेकल्या.

“शिवूला लाव.”

ऋतुजानं स्पीकर चालू करून फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा दोन रिंगांतच कट झाला.

“काल दोनदा त्येचाच फोन,” केराबाई म्हणाल्या. “आक्का, जेवलाव का? आक्का, करडं कशी हायती? करडांची लई काळजी मेल्याला.”

ऋतुजाला हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही.

“कागूद निगतो का त्येचा? काड बरं.”

प्रिंटरनं कागद बाहेर दिला. केराबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. वाचता येईल असं त्यांना त्यात एकच होतं. सरपंच झाल्यावर त्यांनी याच टेबलावर, जुन्या मतदारयादीच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर, महिनाभर आपलं नाव गिरवलं होतं. ऋतुजानंच शिकवलं होतं. अंगठेबहाद्दर सरपंच म्हणून गावानं हसायला नको.

“ही मी.”

“व्हय मावशी.”

“अन् फुडं काय लिवलंय?”

“मंजुरीची वेळ. अकरा बेचाळीस.”

केराबाईंनी थोडा विचार केला.

“अकरा बेचाळीसला मी वाकून बादलीतली रेघ बघत हुते.”

ऋतुजानं डोंगल ओढून काढली. निळा दिवा विझला. तिनं नखानं पिनची पट्टी खरवडली; ती अर्धीच निघाली. “आजपासनं ही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.”

केराबाईंनी डोंगल घेतली, पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातानं आवळली. मग त्या उठल्या. नवरा अजून हौदाशी काठी घेऊन उभा होता. मेंढरं आता सोडायला हवी होती, आहे ते पाणी तरी त्यांच्या पोटात जाईल.

कागद टेबलावरच राहिला. ऋतुजानं तो फायलीला लावायला उचलला आणि थांबली. फुंकर मारून बघितली. निघालं नाही. केराबाईंच्या छापील नावाशेजारी कोळशाचा अंगठा उठला होता, त्याची रेघन् रेघ दिसत होती.