वापरातली चांदी

नवं घर लहान, म्हणून नणंद-भावजय चांदी कमी करायला बसल्या. नणंदेनेच नियम घातला. "वापरातली चांदी काळी पडत नाही, वहिनी. काळं दिसेल ते मोडीत. रडारड नको."

वहिनीच्या छकुलीच्या वस्तू एकदाच्या घराबाहेर पडाव्यात, तिने जरा माणसांत यावं, म्हणून तर हा सगळा घाट होता.

ताटं, वाट्या, पेले, एकेक काळंठिक्कर निघालं. "अगं, ही चांदी की तवे?" नणंद हसली. मोडीचा ढीग वाढत गेला. शेवटी कपाटाच्या तळाशी छकुलीचा इवलासा चमचा सापडला. लख्ख.

"हा कधी घासलास?"

"छकुली गेल्यापासून मी हे कपाट उघडलेलं नाही."

नणंदेने चमचा उजेडात धरला. कडेवर बारीक बारीक दात उमटले होते. "वहिनी, तिला तर अजून दातसुद्धा..."

वहिनीने चमचा घेतला, कडेवरून हलकेच बोट फिरवलं. मग मोडीच्या ढिगात हात घालून एक मोठा चमचा शोधला आणि फडक्याने घासायला घेतला.

"हाही राहू दे. छोटा आता पुरत नसेल तिला."