ओढ्याची सही

बाळांनो, समजा, तुमची लाडकी पारडी संध्याकाळी ओढ्याचं पाणी प्यायली आणि सकाळी गोठ्यात उठलीच नाही. राहीची पारडी अशीच गेली.

राहीचे वडील सोपान कापड रंगवण्याच्या कारखान्यात सांडपाण्याचा पंप चालवत. साहेबांच्या सांगण्यावरून ते रंगाचं लाल पाणी शुद्ध न करताच ओढ्यात सोडत.

जेवताना राहीनं विचारलं, "आप्पा, ते पाणी तुमच्याच कारखान्याचं ना?"

"कारखान्याकडं पाणी सोडायचं संमतीपत्र आहे, पोरी. सरकारी शिक्क्याचं."

"आमच्या शाळेच्या सहलीला पालकांच्या सहीचं असतं तसं?"

"तसंच म्हण."

"मग ओढ्याच्या वतीनं सही कोणी केली?"

"ओढ्याला कुठं हात असतात?" सोपान हसले. पण 'शुद्ध केल्याशिवाय थेंबही सोडू नये,' ही त्याच कागदावरची अट त्यांना पाठ होती.

राहीनं वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझी मुलगी आजपासून ओढ्याचं पाणी पिणार आहे. त्यास माझी संमती आहे. पालकांची सही.' मग पेनाचं टोपण काढून तिनं पेन आप्पांच्या हातात दिलं.