दुबेजींचा वाघ

जबलपूरच्या क्लबातल्या फोटोंच्या प्रदर्शनात अखिलेश दुबेने आपल्या वाघासाठी मधली भिंत अडवून ठेवली होती. आमंत्रणंही वाटून झाली होती. वाघ तेवढा मिळायचा होता. म्हणून कान्हाच्या जंगलात शिरताच त्याने जीपमधल्या मित्रमंडळींना तोंड उघडायला बंदी घातली. हातभर लांब लेन्स डावीकडच्या तळ्यावर रोखून तो मागच्या बाकावर उभा राहिला आणि पुढे बसलेल्या निरुपमाच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "ते खेळणं पर्समध्ये ठेव गं. जंगलाची तरी लाज राख."

वाघ आला तो तळ्याकडून नाही, अखिलेशच्या पाठीमागून. जीपला अंग घासेल इतक्या जवळून. कुणी अवाक्षर काढलं नाही, बंदीच होती. निरुपमाने त्याचा शर्ट ओढला, तर मान न वळवता तो दबक्या आवाजात खेकसला, "हलू नकोस! वाघ येईल एवढ्यात." मग तिने आपलं खेळणं डोळ्याला लावलं.

संध्याकाळी शेकोटीपाशी त्याच्या आवाजाचं लोणी झालं होतं. "निरू, तुझा फोटो दे ना. नाव माझंच लागेल, पण आपल्यात काय तुझं-माझं?"

तिने दाखवला. मान वर करून बघणारा वाघ झकास आला होता, आणि त्याच्यापुढे अखिलेशची ऐसपैस पाठ.

"मला तेवढं काढून टाक यातून."

"टाकलं असतं, दुबेजी," निरुपमा म्हणाली. "पण वाघाच्या चेहऱ्यावर जो भाव आलाय ना, तो तुम्हाला बघूनच आलाय."