घरातलं भांडण

विधानसभेत मतदान झालं आणि बिशपांचा फोन थांबेना. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं मत देणाऱ्या आमदार बाईला रविवारी चर्चमध्ये प्रसादाची पवित्र भाकर द्यायची नाही, असा बिशपांच्या हाताखालच्या धर्मगुरूंचा आग्रह होता. बिशप थेट तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. लहानपणी तिला प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. "तुझं मत मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "ठाऊक आहे, फादर. रविवारी येऊ नको?" "यायचंच. घरच्या माणसाशी भांडायचं ते घरात बसवून, दाराबाहेर उभं करून नाही." चहा गार होईपर्यंत दोघं कडाकडा भांडली, तसूभर कुणीच हटलं नाही. रविवारी भाकर घेणाऱ्यांच्या रांगेतून ती बिशपांपुढे आली. त्यांची अडचण नको म्हणून छातीवर हात दुमडून तिनं भाकरीऐवजी आशीर्वाद मागितला. तिच्या डोक्यावर हात ठेवून बिशप कुजबुजले, "बुधवारी येतो. माझं बोलणं अर्धंच राहिलंय." ती गालात हसली.