एक फुली, बाकी काही नाही

“फुली केवढी मारायची, हे यात कुठंच लिहिलेलं नाही,” ढुंढिराज गायधनी म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर सरकवला.

श्यामलाबाईंनी कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. मतपत्रिकेवरच्या सूचनांचा हा चौथा खर्डा होता. “चौकटीत मावेल एवढी,” त्या म्हणाल्या.

“मग तसं लिहा ना. लोकांना कळत नाही.”

लोकांना काय कळत नाही, हे श्यामलाबाईंना चांगलेच ठाऊक होते. वाचनालयाच्या अध्यक्षपदाच्या मागच्या निवडणुकीत एक्केचाळीस मते बाद झाली होती. सभासद सगळे शिकलेसवरलेले, निम्मे तर निवृत्त अधिकारी आणि प्राध्यापक. कोणी फुलीऐवजी बरोबरची खूण केली, कोणी ‘सुयोग्य’ असा शेरा मारला, तर कोणी ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून खाली झोकात सही ठोकली. संपदा क्षेमकल्याणी सहा मतांनी पडली आणि ढुंढिराज पुन्हा खुर्चीत बसले.

आता त्यांना वरच्या मजल्यावरची अभ्यासिका हलवून तिथे लग्नकार्याचा हॉल काढायचा होता. पेठ-सुरगाण्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली साठ-सत्तर मुले-मुली तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत. शाळेतून निवृत्त झाल्यावर श्यामलाबाईंनी ही अभ्यासिका उभी केली होती, दारोदार फिरून एकेक खुर्ची मागून आणून. संपदा त्यांची जुनी विद्यार्थिनी. या वेळी ती निवडून आली तरच अभ्यासिका वाचणार होती. म्हणून तर सूचना लिहायचे काम बाईंनी मागून घेतले होते.

जुनी सूचना अशी होती : ‘मतदाराने स्वपसंतीच्या उमेदवाराच्या नामासन्मुख रकान्यात गुणाकारचिन्ह अंकित करावे.’ हे वाचूनही ज्याने नीट मत दिले, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारच करायला हवा होता.

बाईंनी दोनच ओळी लिहिल्या. मग कार्यकारिणीतल्या एकाला ‘मारा’ हा शब्द उद्धट वाटला. दुसऱ्याला आरंभी ‘कृपया’ हवे होते आणि शेवटी ‘आपले नम्र’. ज्याला त्याला आपले एक बोट बुडवायचेच होते. बाई खोडत होत्या, पुन्हा लिहीत होत्या आणि मनातल्या मनात एकेकाला बाकावर उभे करत होत्या.

शेवटी त्यांनी झाडलोट करणाऱ्या अक्काबाईला बोलावले. तिला पन्नाशीत त्यांनीच वाचायला शिकवले होते.

अक्काबाईने बोट ठेवून वाचले. “एका नावापुढं फुली मारायची. बाकी काय बी लिवायचं नाय. सही नाय, खूण नाय. लिवलं तर मत गेलं.”

“झालं! हेच पाहिजे होतं.”

संपदाला मात्र दुसरी ओळ खटकली. “बाई, फुली बरोबर असली तरी मत बाद? फारच कडक होतंय.”

“कडकच हवं. अगं, नवशिके चुकत नाहीत, हे दीडशहाणेच चुकतात.”

छापखान्यात किशोरने सात वेळा प्रूफ काढले. कुठे रेघ वाकडी, कुठे चौकट लहान. सातव्या प्रुफाच्या कोपऱ्यात बाईंचे मंजुरीचे ‘श्या.’ पडले तेव्हा कुठे त्याने मशीन सुरू केले.

मतदानाच्या दिवशी बाई सकाळीच रांगेत पहिल्या होत्या. पडद्यामागे त्यांना जरा वेळ लागला. छपाई त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. एकही चूक नव्हती. कितीतरी दिवसांनी त्या समाधानाने घरी गेल्या आणि दोन वाट्या खीर खाल्ली.

संध्याकाळी मोजणीला निवडणूक अधिकारी गौरांग पाठक यांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. पाठक मनमाडचे, इथल्या कोणाला ओळखत नव्हते. बाद मते किती, हे ऐकायला बाई पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या.

“बाद एकही नाही,” पाठक म्हणाले. “अभिनंदन! दोघांनाही दोनशे चौदा. फक्त एक मतपत्रिका बाजूला ठेवली आहे. फुली अगदी व्यवस्थित आहे, पण कोपऱ्यात काहीतरी खरडलंय.”

“फुली व्यवस्थित आहे तर धरा ना,” संपदा म्हणाली.

“नियम बाईंचा आहे,” ढुंढिराज म्हणाले. “बाईंनाच विचारा.”

पाठकांनी मतपत्रिका पालथी ठेवली. “मत कोणाला आहे, ते सांगत नाही. तुम्हाला काय अभिप्रेत होतं तेवढं सांगा.”

बाईंचा पारा चढला. इतकी घासूनपुसून सूचना लिहिली, तरी एक निघालाच! असा जिथे तिथे सही ठोकणारा माणूस कोणाच्या गोटातला, हे त्यांना सांगायला नको होते. ढुंढिराजांच्या कट्ट्यावर असे निवृत्त साहेब डझनाने बसत. ते मत धरले की अभ्यासिका गेलीच.

“बाद,” त्या म्हणाल्या. “दोन ओळी ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्या हातात वाचनालय द्यायचं नाही.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

मते समसमान, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. अक्काबाईने एक उचलून पाठकांच्या हातात दिली. नाव निघाले ढुंढिराजांचे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. संपदा खाली बघत राहिली.

श्यामलाबाईंना रडू आणि राग एकदमच आला. “बघू तरी मला,” त्या उठल्या, “कोण तो दीडशहाणा!”

पाठकांनी मतपत्रिका उलटी करून त्यांच्यापुढे धरली. फुली संपदाच्या नावासमोर होती, चौकटीच्या अगदी मधोमध. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक, वळणदार अक्षरात लिहिले होते, ‘श्या.’