पुढच्या दाराशी

थर्मामीटर पद्मजाच्या हातून निसटला आणि फरशीवर फुटला. पाऱ्याचे चकचकीत गोळे पलंगाखाली पळाले. दीड वर्षाची तनया, अंगात ताप असूनही, ते पकडायला निघाली. पद्मजाने तिला उचललं आणि नवऱ्याकडे पुठ्ठ्याचा तुकडा मागितला. पारा त्यावर लोटून ती बाटलीत भरणार होती.

सलिलला हे मागासलेलं वाटलं. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहीत असे, आणि सोसायटीचा व्हॅक्यूम क्लीनर आज त्यांच्याकडेच होता. बिबवेवाडीतल्या त्या इमारतीने तो सामाईक घेतला होता. तो घरोघर फिरत असे. काम झालं की मशीन पुसून लगेच पुढच्या घराच्या दाराशी ठेवायचं, हा नियम सलिलनेच वार्षिक सभेत मंजूर करून घेतला होता.

त्याने पलंगाखाली नळी फिरवून पारा ओढून घेतला. मशीन पुसलं. नियमाप्रमाणे खालच्या मजल्यावर नागोरावांच्या दाराशी ठेवलं, बेल वाजवली आणि वर आला.

मग त्याने इंटरनेट जोडलं. मोडेम बराच वेळ किरकिरला. पान उघडलं त्यात पहिलीच ओळ अशी होती की, सांडलेला पारा व्हॅक्यूम क्लीनरने कधीही उचलू नये. मशीनच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि हवेबरोबर खोलीभर फेकली जाते. ती दिसत नाही, तिला वास नसतो. सर्वांत जास्त धोका जमिनीलगत वावरणाऱ्या लहान मुलांना, त्यांच्या मेंदूला. ते मशीन पुन्हा वापरू नये, असंही लिहिलं होतं.

"अहो, मशीनचं काय?" पद्मजाने विचारलं. "खाली सांगून यायला हवं."

"ते आता आपल्याकडे नाही," सलिल म्हणाला. "सांगितलं तर अख्खी सोसायटी दारात येईल. आधी तनयाला या घरातून हलवू."

हलवायचं कुठे, हा प्रश्न होता. आजूबाजूची दारं बंद होती. सगळे कामावर गेले होते. घरी फक्त खालच्या यमुनाबाई होत्या. त्यांचे यजमान नागोराव कारखान्यात कामाला, मूळचे परभणीचे. त्यांच्याकडे गावाकडची माणसं सतत येत-जात. तनयाला धुळीचा त्रास आहे असं सांगून सलिलने तिला आजवर तिथे टेकू दिलं नव्हतं. आता त्याने पद्मजाला गॅलरीतून हाक मारायला लावली. बेडरूमची साफसफाई चालली आहे, एवढंच सांगायचं ठरलं. यमुनाबाईंनी कारण विचारलंही नाही. आणा, म्हणाल्या, फक्त अर्धा तास द्या.

त्या अर्ध्या तासात सलिलने खिडक्या उघडल्या, तनयाचे कपडे बदलले आणि ऑफिसातल्या सगळ्यांना ई-मेल पाठवली. विषय होता, 'पारा : आपल्या मुलांसाठी सावध राहा'. व्हॅक्यूम क्लीनरबद्दलचं वाक्य त्याने ठळक केलं.

मग तनयाला कडेवर घेऊन तो खाली गेला. दार उघडलं. आत जाड सतरंजी अंथरलेली होती, वर मऊ गादी. खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. यमुनाबाईंनी पदराने घाम पुसला आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या लेकराला. तिला धूळ सोसत नाही म्हणला होता ना तुम्ही? म्हणून आत्ता गादीसकट सगळं घर तुमच्या मशीननं झाडून काढलं बघा."